साडी का नेसावी लागली?

वाचकाचं पत्र

ताई, मला अगं-तुगंच करा, सत्तावीस वर्षांची आहे. दिवाळीत सगळे जमले की आमच्या घरी ‘अशी ही बनवाबनवी’ लागतो. यंदा मी मोठ्या काकूला म्हटलं, “या सिनेमात बायकांना फसवलं तरी सगळं माफ, आणि पुरुषानं साडी नेसली की झाला विनोद!” काकू म्हणाली, “अगं, सिनेमा हसायला असतो. तुझी मतं बाहेर चपलांपाशी ठेवून ये.” सगळे हसले आणि मला रडू आलं. खरं तर त्याआधी थोडा वेळ मीच पोट धरून हसत होते. आता आमच्या वाचन मंडळात मला याच सिनेमावर लिहून वाचायचं आहे. मैत्रिणीनं अकरा आक्षेपांची यादी करून दिलीय. वर म्हणते, असल्या थिल्लर सिनेमावर याहून जास्त वेळ घालवू नकोस. मी हसले म्हणजे माझी मतं खोटी का? आणि अशा सिनेमाला वैचारिक कसोटी लावायची तरी कशी?

– गोंधळलेली, सांगली

सल्ला

प्रिय गोंधळलेली,

हसलीस म्हणून तुझी मतं खोटी ठरत नाहीत. हसू आधी येतं, विचार मागून येतो, आणि मागून आला म्हणून तो कमअस्सल होत नाही. मी तर म्हणेन, ज्याला या सिनेमात एकदाही हसू आलं नाही त्यानं त्यावर लिहूच नये. विनोद काय करतो हे कळायला आधी तो आपल्यावर चालू द्यावा लागतो. तुझ्यावर तो चालला, मग कुठेतरी अडला. तो नेमका कुठे अडला हे शोधणं हेच तुझ्या लेखाचं काम आहे.

काकूंनी चारचौघांत तुला असं उडवून लावायला नको होतं. घरातल्या मुलीनं विचार मांडला की तो हशात बुडवायचा, ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि ती लागते. पण त्यांच्या बोलण्यात एक धास्तीही आहे, तीही ऐक. वर्षानुवर्षं ज्या सिनेमानं सगळ्यांना एका चटईवर बसवलं, तो उद्यापासून लावायचा नाही असं ही पोरगी म्हणणार की काय, ही ती धास्ती. तुझ्या मैत्रिणीच्या यादीचा रोख पाहता ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

त्या ‘थिल्लर’ शब्दाकडे आधी वळते, कारण यादीतल्या अकराही आक्षेपांपेक्षा मला तो जास्त खटकला. मैत्रीण सिनेमाची विचारसरणी तपासायला निघाली आहे, आणि स्वतःच्या या शब्दातली विचारसरणी तिला दिसलेली नाही. हलकं हसू आणि भारी हसू ही वाटणी आपल्याकडे फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि ते माणसांच्या प्रतीप्रमाणे वाटून दिले आहेत. उत्तम माणसाचं स्मित आणि हसित, मध्यमाचं विहसित आणि उपहसित, आणि खदाखदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, अंग हलवून हसणं ते अधमाचं. हा रस मुख्यतः स्त्रिया आणि नीच प्रकृतीची माणसं यांच्यात दिसतो, असंही तिथे म्हटलंय. म्हणजे कोण कसं हसतं यावरून माणसाची पायरी ठरवण्याचा रिवाज ‘वैचारिक’ या शब्दाच्या कितीतरी आधीचा आहे. तू पोट धरून हसलीस. भरतमुनींच्या हिशेबात तुझी, काकूंची आणि माझीही जागा ठरलेलीच आहे. स्त्रीवादी लेख लिहिताना ती उतरंड उचलून आणू नकोस.

दादा कोंडक्यांच्या वाट्याला हेच आलं. ‘सोंगाड्या’ १९७१ सालचा, ‘एकटा जीव सदाशिव’ १९७२ चा, ‘पांडू हवालदार’ १९७५ चा. त्यांचे एकामागून एक नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. तरीही शहरी समीक्षेनं बराच काळ त्यांच्याकडे नाक मुरडूनच पाहिलं. द्वयर्थाविषयी जे म्हणायचं ते म्हणूया. पुढच्या सिनेमांत तो इतका वाढला की बाईचं शरीर सोडून विनोदाला दुसरा विषयच उरला नाही, असं मलाही वाटतं. पण त्या सुरुवातीच्या सिनेमांत पुढाकार घेणारी, प्रेम बोलून दाखवणारी, भोळ्या गड्याला हाताला धरून नेणारी नायिका असते आणि नायक लाजत असतो, हे कितीजणांनी लिहिलं? अश्लील म्हणून पुस्तक मिटलं की ही गोष्ट दिसतच नाही.

आता यादी. तुझ्या मैत्रिणीनं त्यात ‘बेक्डेल चाचणी’ घातली आहे: सिनेमात दोन बायका एकमेकींशी पुरुष सोडून दुसऱ्या कशावर बोलतात का? ही कसोटी अॅलिसन बेक्डेल या अमेरिकी व्यंगचित्रकर्तीच्या १९८५ च्या एका चित्रमालिकेतून आली. तिथे एक पात्र मैत्रिणीला सांगतं की ज्यात हे आढळतं तेवढेच सिनेमे मी बघते. तो एक बोचरा विनोद होता. शेकडो सिनेमांना मिळून हा प्रश्न विचारला तर एका धंद्याची सवय उघडी पडते, आणि त्यासाठी तो फार चांगला आहे. एका सिनेमाला विचारला तर हाती फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं. बाकीचे दहा आक्षेपही त्याच जातीचे आहेत. हा संवाद खटकतो, तो प्रसंग खटकतो. एकेक खरा असेल, पण अकरा खटके मांडून सिनेमा काय म्हणतो हे कळत नाही.

मग कसं बघायचं? प्रहसनात विचार भाषणातून येत नाही. ‘बनवाबनवी’तला कोणीही उभा राहून स्त्रियांविषयी किंवा समाजाविषयी मत मांडत नाही. विचार असतो तो गृहीत धरलेल्या गोष्टीत, जी समजावून सांगायची कुणाला गरजच वाटली नाही तिच्यात. आणि वेषांतराच्या प्रहसनात ती सापडायचा हमखास दरवाजा एकच: हे सोंग घ्यावं का लागलं? कोणत्या नियमामुळे? तो नियम कुणाचा? आणि सोंग उतरल्यावर नियम तसाच उभा राहतो की पडतो?

हा प्रश्न दुसरीकडे लावून बघ. लंडनमध्ये १८९२ साली ब्रँडन थॉमसचं ‘चार्लीज आंट’ रंगमंचावर आलं. ऑक्सफर्डच्या दोन विद्यार्थ्यांना आवडत्या मुलींना जेवायला बोलवायचंय, पण वडीलधारी बाई हजर असल्याशिवाय मुली यायच्या नाहीत. मावशी वेळेवर पोचत नाही, म्हणून एका मित्राला झगा चढवून मावशी करतात. म्हणजे झगा कशामुळे? तर कुमारिका आणि तरुण एकटे भेटता कामा नयेत या नियमामुळे. आचार्य अत्र्यांनी त्याचंच ‘मोरूची मावशी’ केलं आणि ऐंशीच्या दशकात विजय चव्हाणांनी ती मावशी घरोघरी पोचवली. हॉलिवूडच्या १९५९ च्या ‘सम लाइक इट हॉट’मध्ये दोन वादक गुंडांच्या हातून झालेलं हत्याकांड पाहतात आणि जीव वाचवायला बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात. तिथे सामाजिक नियम जवळजवळ नाहीच, भीती बंदुकीची आहे. म्हणूनच की काय, तो सिनेमा बायकी वेषात राहून बघायला मोकळा होतो आणि शेवटी पुरुष-बाई या भेदालाच चिमटा काढतो.

आणि पुण्यात? पुण्यात साडी नेसावी लागते ती भाड्याच्या खोलीसाठी.

इथे जरा थांब, कारण सिनेमाचा खरा पाया हाच आहे. धनंजय माने नोकरी करतो, शंतनू डॉक्टरकी शिकतो, सुधीर गातो, परशुराम नाटकात धडपडतो. चौघांत एकही गुन्हेगार नाही. तरी त्यांना शहरात डोकं टेकायला जागा नाही, कारण ते अविवाहित आहेत. विश्वासराव सरपोतदार एका भाडेकरूच्या नावावर चौघे राहतात म्हणून बाहेर काढतात, आणि लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांना जागा देतात. मग परशुरामची पार्वती होते, सुधीरची सुधा होते, आणि जागा मिळते. लग्न म्हणजे इथे घर मिळवण्याचा कागद, आणि त्या कागदावरचा शिक्का म्हणजे साडी.

आज तुझ्या वयाच्या वाचकांना सरपोतदार नुसते खडूस वाटतात. पण मुंबई भाडेनियंत्रणाचा १९४७ चा कायदा तेव्हा पुण्यातही लागू होता. त्यानं जुन्या घरांची भाडी १९४० सालच्या पातळीशी बांधून ठेवली होती. एकदा शिरलेला भाडेकरू निघत नसे, भाडं वाढवता येत नसे, आणि त्याला बाहेर काढायची जी मोजकी कारणं मालकाच्या हाती होती त्यांत परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे एक. म्हणून मालक पायताणं मोजायचे. कोण आला, कोण राहिला, रात्री दिवा किती वाजता गेला. हा कायदा बदलून नवा आला तो १९९९ चा, अमलात आला २००० साली. सिनेमा १९८८ चा. थिएटरात बसलेल्या प्रेक्षकांत कुणी तसा भाडेकरू होता, कुणी तसा मालक, आणि कुणाच्या घरी गावाहून आलेला भाऊ मालकाच्या नजरेआड झोपत होता. त्या हशात हे सगळं आहे. काकूंना एकदा विचार, लग्न झाल्यावर पहिली जागा त्यांना कशी मिळाली. तुझ्या लेखाला लागणारं निम्मं सामान तिथे निघेल असा माझा अंदाज आहे.

आणखी एक पुरावा देते. ही गोष्ट मूळची मराठी नाही. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून ती आली. आपल्यानंतर ती १९९१ साली तेलुगूत गेली, २०१४ साली पंजाबीत गेली. इतक्या वर्षांत, इतक्या भाषांत, ‘जागा फक्त जोडप्यांना’ हा नियम प्रेक्षकांना समजावून सांगावा लागला नाही. मी गृहीत धरलेली गोष्ट म्हणते ती ही. आजही मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांत एकट्या मुलीला, मुसलमानाला, दलिताला, मांस खाणाऱ्याला जागा नाकारतात तेव्हा तोच नियम दुसऱ्या कपड्यांत उभा असतो. आणि सिनेमात चौघांची जात कुणी विचारत नाही हे खरं, पण विचारायची गरजच नसते. माने, सरपोतदार, काळभोर अशी आडनावं कानावर पडली की पुणेरी प्रेक्षकाच्या मनात ज्याची त्याची पाटी लागून जाते. हाही आक्षेप तुझ्या मैत्रिणीच्या यादीत नाही.

सरपोतदारांना मानेनं लावलेला सत्तर रुपयांचा चुना अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. मधुमेहाच्या औषधाचे म्हणून घेतलेले पैसे बुडतात ते बुडतातच. एका आजारी म्हाताऱ्याला फसवलं, यात हसण्यासारखं काय, असा तुमच्या यादीतला सातवा आक्षेप. आक्षेप बरोबर आहे आणि तरी आपण हसतो, कारण ती थाप खालून वर मारलेली आहे. सिनेमाचे संवाद वसंत सबनिसांचे. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारे तेच. त्या लोकनाट्यात बिनडोक राजा, कोतवाल आणि त्यांना बोलण्यात गुंडाळणारा हवालदार आहे. वगातली ही रीतच आहे की ज्याच्या हाती सत्ता त्याला शब्दांत पकडून पाडायचं. सरपोतदार हे त्या राजाचे भाडेकरूंच्या जगातले वारसदार आहेत. माने त्यांच्याशी सोंगाड्याच्या जिभेनं बोलतो.

पण तोच माने लीलाबाईंकडे खोटं बोलतो तेव्हा ते खोटं वेगळं होतं. लीलाबाईंनी संशय घेतलेला नाही, विश्वास ठेवला आहे. सिनेमात थापा दोन घरमालकांना मारल्या जातात, एक थाप अधिकाराला आणि दुसरी मायेला. माझ्या मते तुझं हसू अडलं ते या दुसऱ्या थापेपाशी. काकूंना तू हे सांगितलं असतंस तर त्यांनी ऐकलं असतं.

डोहाळजेवणाचा प्रसंग घे. पुन्हा बघशील तेव्हा तिथे सावकाश बघ. पार्वती, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, सजून बसलेली. भोवती बायका. ‘कुणीतरी येणार येणार गं’ सुरू होतं. बेर्डेंच्या चेहऱ्यावर पकडले जाण्याची धास्ती आणि लाडात येण्याची मौज अशा दोन्ही एकदम धावतात, आणि आपण हसतो ते त्यांच्या अवघडण्याला. गाणाऱ्या बायकांची मात्र सिनेमानं एका क्षणासाठीही टिंगल केलेली नाही. चाल प्रेमळ आहे, शब्द प्रेमळ आहेत, त्यांचं कौतुक खरं आहे. खोटं फक्त मध्ये बसलंय. म्हणूनच पुढे एक विलक्षण गोष्ट झाली: खोट्या गरोदरपणाचं ते गाणं आज महाराष्ट्रभर खऱ्या डोहाळजेवणात लावतात. ओटी भरताना बायका ते म्हणतात आणि कुणालाही त्यात खोट जाणवत नाही. सिनेमा जर बायकांच्या या जगाला हसत असता, तर बायकांनी ते गाणं असं आपलंसं केलं नसतं. हा मी सिनेमाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मानते.

विरुद्ध बाजूचा भक्कम मुद्दाही त्याच प्रसंगात आहे. ज्या बायका एवढ्या मनानं गातात त्यांना फसवलं जातंय, आणि त्यांचं काय झालं याची सिनेमाला पुढे पर्वा नाही. शेवटी जोड्या जुळतात, राग निवळतो. कारण या जातीच्या सिनेमात बाईची क्षमा ही गृहीत धरलेली गोष्ट आहे. ती मागावी लागत नाही, कमवावी लागत नाही. अश्विनी भावेंची माधुरी तर मानेची मालकीण. धंदा चालवणारी, हुकूम सोडणारी, पगार देणारी बाई १९८८ च्या मराठी विनोदी सिनेमात सहज दिसते याचं मला अजूनही अप्रूप आहे. पण कथेत तिचं शेवटचं काम काय, तर जोडी पुरी करणं. चार पुरुषांना चार अडचणी, चार स्वभाव, चार धंदे. बायकांच्या वाट्याला मुख्यतः भुलणं, रुसणं आणि माफ करणं. हे लिही. पण ‘बायकांना फसवलं’ एवढ्यावर न थांबता ‘त्यांची क्षमा आधीच धरून ठेवली होती’ असं लिही. पहिल्या वाक्यावर भांडण होईल, दुसऱ्यावर कुणाला तरी आपलं लग्न आठवेल.

साडी नेसलेल्या पुरुषाचा प्रश्न तू काकूंपुढे काढलास, त्याला सोपं उत्तर नाही. आपल्या रंगभूमीवर पुरुषानं स्त्री होणं ही हसण्याची गोष्ट नव्हती. बालगंधर्वांची लुगडी, दागिने, केसांची ठेवण घरंदाज बायका उचलत असत. तमाशातल्या नाच्याला मात्र लोक हसायचे, आणि फडाबाहेरही त्याची ती टवाळी चालूच राहायची. या सिनेमात दोन्ही धागे आहेत. सचिनची सुधा पहिल्या परंपरेकडे झुकते, बेर्डेंची पार्वती दुसऱ्या. हसू येतं ते पुरुषाला बाईपण जमत नाही याचं. पदर सावरत नाही, आवाज फुटतो, चाल बदलते. इथे उणा पडतो तो पुरुष. शिवाय साडीला कारण आहे, खोली. पुढे टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत दर आठवड्याला पुरुष साडी नेसून येऊ लागले तेव्हा ते कारण गळालं आणि साडी हाच विनोद उरला. त्याचा दोष १९८८ च्या सिनेमावर टाकू नकोस. पण एखादी तृतीयपंथी व्यक्ती तुझ्या मंडळात म्हणाली की पार्वतीवर लोक हसतात तसंच माझ्यावर रस्त्यात हसतात, तर तिला ‘सिनेमाला तसं म्हणायचं नव्हतं’ असं सांगायला जाऊ नकोस. सिनेमाला काय म्हणायचं होतं आणि तो कुणाला कुठे लागला या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, आणि लेखात दोन्हींना जागा हवी.

अजून एक प्रयोग करून बघ, याचा मला फार उपयोग होतो. सिनेमा उलटा कर. चार मुली गावाहून पुण्यात आल्या आहेत, खोली मिळत नाही, म्हणून दोघी पुरुषाचे कपडे घालून एका घरात राहतात. हे प्रहसन होईल का? पहिल्या पाच मिनिटांत तुझ्या मनात प्रश्न येईल: पकडल्या गेल्या तर? सुधा आणि पार्वती पकडल्या गेल्या तर फार तर सामान रस्त्यावर येईल. त्या मुली पकडल्या गेल्या तर काय होईल हे तुला मी सांगायला नको. पुरुषाला सोंग ही सुटी असते, हवी तेव्हा घ्यायची, हवी तेव्हा टाकायची. ‘बनवाबनवी’ इतका निर्धास्त आहे तो या भरवशावर. सिनेमाची विचारसरणी शोधायचीच तर ती इथे, या निर्धास्तपणात आहे असं मला वाटतं, आणि त्यासाठी एकही आक्षेपार्ह संवाद शोधावा लागत नाही.

काकूंच्या धास्तीला उत्तर द्यायचं राहिलं. सिनेमाची वैचारिक तपासणी म्हटलं की पुढे शिक्षा येणार असं लोकांना वाटतं, आणि तसं झालेलंही आहे. सोव्हिएत रशियात ग्रिगोरी अलेक्सांद्रोवनं १९३४ साली एक धमाल संगीत-विनोदी सिनेमा काढला. एका गुराख्याला लोक चुकून नामांकित वाद्यवृंद-संचालक समजतात, आणि पुढे सगळा धिंगाणा. यात विचार कुठे आहे, समाजवाद कुठे आहे, असं म्हणत तिथल्या साहित्यिक पत्रांनी त्याला धारेवर धरलं. स्टालिनला तो आवडला म्हणून निभावलं. पण त्याच्या लेखकांपैकी निकोलाय एर्डमन आणि व्लादिमीर मास यांना चित्रीकरण चालू असतानाच, १९३३ मध्ये, त्यांच्या उपरोधिक कवितांपायी अटक झाली होती आणि श्रेयनामावलीतून त्यांची नावं उडाली. तिथे विचार तपासणाऱ्याच्या हातात तुरुंगाची किल्ली होती. तुझ्या हातात वही आहे. तुला सिनेमा बंद पाडायचा नाही, कुणाला हसण्यापासून अडवायचं नाही. हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात स्वच्छ लिहून टाक, म्हणजे ऐकणारे ढाल खाली ठेवतील.

तर असं कर. ती यादी बाजूला ठेव. मैत्रिणीला वाईट वाटू देऊ नकोस, तिची मेहनत खरी आहे. सिनेमा पुन्हा एकदा एकटीनं बघ, आणि जिथे हसलीस तिथे फक्त वेळ टिपून ठेव, कारण लिहू नकोस. दुसऱ्या दिवशी त्या टिपणांसमोर लिही: हसू कुणावर होतं, आणि त्याची किंमत कुणी मोजली. मग त्यातला एकच प्रसंग निवडून लेख कर. माझं मत डोहाळजेवणाला आहे, पण तुला दुसरा कुठला बोचत असेल तर तो घे. अकरा आक्षेपांनी मंडळात वाद होईल. एक प्रसंग नीट उलगडलास तर लोक घरी जाऊन सिनेमा पुन्हा लावतील.

काकूंकडे मात्र लेख घेऊन जाऊ नकोस, आधी प्रश्न घेऊन जा. पहिल्या भाड्याच्या जागेचा तर विचारच, शिवाय हेही विचार की लीलाबाईंच्या जागी त्या असत्या तर खोट्या सुधा-पार्वतीला त्यांनी माफ केलं असतं का. काय उत्तर येतं ते मला कळव, मला खरंच जाणून घ्यायचं आहे. आणि पुढच्या दिवाळीत सिनेमा लागला की सगळ्यांच्या मध्ये बस, कडेला नको.

तुझी,
ताई